एक मोर मागे बघतो

माझ्या कामाला मराठीत अजून धड नाव नाही. बोईसरला आमच्या सोसायटीत मला 'व्हिडिओवाल्या' म्हणतात आणि वॉचमनचा पक्का समज आहे की मी लग्नांचं शूटिंग करते. आपल्या भाचीच्या लग्नाची तारीख त्याने मला दोनदा सांगून ठेवली आहे. मी करते ते असं: एखादी गोष्ट घ्यायची, समजा केळव्याची सुपारी, नाहीतर सातपाटीला जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने सुकत घातलेले बोंबील, आणि तिच्यावर चित्रं दाखवत अर्धा तास बोलायचं. शाळेत निबंध लिहायचो तोच प्रकार. फरक एवढाच की इथे तपासायला एक बाई नसतात, सगळा महाराष्ट्र लाल पेन घेऊन बसलेला असतो.

त्याआधी सोळा वर्षं मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. माल तपासायचा, चूक शोधायची आणि ती कोणाची हे लिहून वर पाठवायचं. या कामात माणूस फारसा लोकप्रिय होत नाही. कारखाना गुजरातला गेला, मी गेले नाही. घरी बसून महिनाभरात मी घरातल्यांच्या इतक्या चुका काढल्या की मिस्टरांनीच मला कॅमेरा घेऊन दिला.

आवाज मी कपाटात रेकॉर्ड करते. बाहेर कंपन्यांच्या बसेस, शेजारच्यांचा कुकर आणि वरच्या मजल्यावरचं ड्रिल यांच्यात निबंध वाचता येत नाही. कपाटातल्या साड्या आणि गोधड्या सगळा घुमारा गिळून टाकतात. पाहुणे आले की मिस्टर त्यांना "ती कपाटात आहे, येईल" असं सांगतात आणि चहा टाकतात. आता पाहुण्यांनाही काही वाटत नाही.

प्रेक्षक म्हणाल तर तऱ्हेतऱ्हेचे. एक निवृत्त गृहस्थ प्रत्येक व्हिडिओत मी किती वेळा 'म्हणजे' म्हणते ते मोजून कळवतात. एक बाई काहीही विषय असो, खाली फक्त "ताई, जेवलात का?" एवढंच लिहितात, आणि मी न चुकता उत्तर देते. यवतमाळच्या एका मुलीने लिहिलं की ऑपरेशननंतर तिच्या वडिलांना झोपच येत नव्हती, आता माझा बोंबलांचा व्हिडिओ लावला की दहा मिनिटांत येते. त्या व्हिडिओवर मी दोन महिने घालवले होते. शेवट तर फारच चांगला जमला होता, आणि तो त्यांनी अजून पाहिलेला नाही. तरी मला दिवसभर बरं वाटत होतं.

आता धंद्यातली एक क्लृप्ती सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. दोन माणसं एकमेकांशी बोलत असतील तर पडद्यावर एकाने उजवीकडे बघायला हवं, दुसऱ्याने डावीकडे. दोघंही उजवीकडे बघत असले तर ती भिंतीशी बोलल्यासारखी वाटतात. अशा वेळी आम्ही एक चित्र उलटवतो. बटण दाबलं की डावं ते उजवं होतं. मागे दुकानाची पाटी नाही ना, एवढं बघायचं. ही फसवणूक आहे का? आहे, पण टापटिपीची आहे, असं मी स्वतःला सांगत आले.

दीड वर्षापूर्वी मी डायमेकिंगवर व्हिडिओ करायला घेतला. आमच्या किनाऱ्यावर चिंचणी, वरोर या बाजूला हा धंदा घराघरांत होता. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नी-हातोडीने दागिन्याची नक्षी कोरायची. तो ठोकळा म्हणजे डाय. सोनार त्यावर सोन्याचा पातळ पत्रा दाबतो आणि पत्र्यावर नक्षी उठते. डायमध्ये जे खोल ते दागिन्यात उंच, डायमध्ये जे डावीकडे ते दागिन्यात उजवीकडे. त्यामुळे हे कारागीर जन्मभर सगळं उलटं कोरतात. आणि आपली नक्षी कोणाच्या अंगावर गेली ते त्यांना कधीच कळत नाही. डाय काम देणाऱ्या शेठकडे जातो, शेठकडून सोनाराकडे. हल्ली हे काम कॉम्प्युटरवर आणि मशीनवर होतं.

वरोरला मला सगळ्यांनी वामनकाकांकडे पाठवलं. सत्तरी गाठलेले, बारीक अंगाचे, खिडकीखाली पाटावर बसलेले. डावा डोळा गेलेला. उजव्यालाही तीच तक्रार सुरू झाली होती, आणि तो किती दिवस साथ देईल ते डॉक्टर सांगत नव्हते. काम थांबवलेलं, पण हत्यारं तेल लावून ठेवलेली. मी कॅमेरा लावला तेव्हा त्यांनी कागदावर आपली सही उलटी करून दाखवली, आरशात सरळ दिसेल अशी. "सुलटी करायला जास्त येळ लागतो," ते म्हणाले.

एक गोष्ट मात्र मला खटकली. काका माझ्याशी बोलताना तोंडाकडे बघत नव्हते, कानांकडे बघत होते. आधी उजव्या, मग मान कलती करून डाव्या. माझ्या कानात साध्या बाळ्या होत्या, बघण्यासारखं काही नव्हतं. काकी चहा घेऊन आल्या आणि त्यांनी माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न ओळखला.

"मनावर घेऊ नको, बाय. यांना खोडच हाय. लग्नात गेले की नवरीचं तोंड बगत नाय, कान बगतात. माज्या भावाच्या लग्नात मार खाल्ला असता यांनी."

"का बघतात?"

"इचारलं तर सांगतात कुटं? मुकाट चा पितात."

काका मुकाट चहा पीत होते.

शेजारचे एक जुने कारागीर कॅमेऱ्यासमोर बसले आणि म्हणाले, "वामनचा हात चुकला, असं या गावात कोणी बगितलं नाय." व्हिडिओला असं एक वाक्य मिळालं की आम्ही खूश असतो. ते वाक्य चालू असताना काका उठून परसात गेले. मला वाटलं, स्तुती ऐकून लाजले.

भिंतीवर एक लांब फळी होती. प्रत्येक डाय झाल्यावर काका शिशाच्या पत्र्यावर त्याचा ठसा घेऊन बघायचे आणि तो ठसा खिळ्याने फळीवर ठोकायचे. चाळीस वर्षांचं काम त्या फळीवर होतं. मी एकेका ठशाचं जवळून चित्रण केलं. घरी एडिटिंग करताना कर्णफुलांची एक जोडी लागली, मोराची. पिसारा, तुरा, डोळ्याचा ठिपका, फारच नाजूक काम. पण दोन्ही मोर उजवीकडे बघत होते. कर्णफुलांच्या जोडीत एक मोर उजवीकडे आणि एक डावीकडे हवा, तरच घातल्यावर दोन्ही पुढे बघतात. मला वाटलं, एकाच ठशाचं चित्रण माझ्याकडून दोनदा झालं. सोळा वर्षांची सवय, चूक दिसली की हात शिवशिवतो. बटण दाबलं. मोर समोरासमोर आले आणि मी पुढच्या कामाला लागले.

व्हिडिओ चढवल्यावर आठ दिवसांनी काकांचा फोन आला. ते स्वतःहून फोन करणाऱ्यांतले नव्हेत.

"बाय, तू मोर फिरवलास?"

"हो काका. माझीच चूक झाली होती. काही बिघडलं का?"

"नाय. बरोबर केलंस. येकदा ये घरी."

गेले. काकींना त्यांनी दूध आणायला पाठवलं आणि मग सांगितलं. तीस वर्षांपूर्वी ती मोराची जोडी त्यांनी केली होती. पहिला डाय कोरला, ठसा घेतला, ठसा सुरेख आला. दुसऱ्या डायसाठी तो ठसा त्यांनी नमुना म्हणून समोर ठेवला. दुसरा मोर पहिल्याच्या उलट हवा होता, तेव्हा समोरचा ठसा या वेळी जसाच्या तसा, सुलटा कोरायला हवा होता. पण हाताला एकच गोष्ट ठाऊक. समोर दिसेल ते उलटं करायचं. हाताने उलटं केलं, आणि दोन्ही डाय एकसारखे झाले. दुसरा ठसा घेतला तेव्हा त्यांनी फक्त पिसारा तपासला, डोळ्याचा ठिपका तपासला. तोंड कोणीकडे आहे ते कोण तपासतं? डाय शेठकडे गेले. मग दोन्ही ठसे फळीवर शेजारी शेजारी ठोकले तेव्हा दिसलं.

"शेठला कळवलं नाहीत?"

"सा महिने वाट बगितली. आज शिवी येल, उद्या येल. आली असती तर सुटलो असतो, बाय. कोणी काय बोललंच नाय."

"मग झालं की काका. कोणाच्या लक्षात आलं नाही."

"कोणीतरी बाई घालून फिरते हाय ना? येका कानात मोर पुढं बगतो, दुसऱ्यात मागं. हसले असतील तिला. येकदा दिसली असती तर माफी मागितली असती. आता दिसायचेच किती दिवस हायत?"

तीस वर्षांच्या त्या खोडीचा अर्थ मला तेव्हा कळला. मी पाणी मागितलं.

"कोणाला सांगू नको," काका म्हणाले. "तुज्या व्हिडिओत बरोबर हाय. मी चार येळा बगितला. तेवडं राहू दे."

मी शब्द दिला. तीन आठवड्यांनी व्हिडिओखाली एक कॉमेंट आली. नाशिकच्या प्राजक्ता नावाच्या मुलीची. "मॅडम, व्हिडिओ आवडला. एक चूक आहे. मोराच्या कर्णफुलांतला एक मोर तुम्ही उलटवला आहे. दोन्ही मोर एकाच बाजूला बघतात. माझ्या आईच्या कानात लग्नापासून हीच जोडी आहे. फोटो पाठवू का?"

काका जिला तीस वर्षं मांडवामांडवातून शोधत होते, ती बाई घरबसल्या माझ्या पत्त्यावर आली होती. आणि मी काय केलं? कॉमेंट लपवली. तशी सोय असते, आपल्याला दिसते, जगाला दिसत नाही. मनाशी कारण तयार होतं की काकांना शब्द दिला आहे, गावात त्यांची अब्रू आहे. ते खोटं नव्हतं. पण निम्मं कारण दुसरं होतं. व्हिडिओवाल्या बाईंनीच चित्र फिरवलं हे लोकांना कळलं असतं, आणि लाल पेनवाले काही थोडे नव्हते. सोळा वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका वर कळवल्या. स्वतःची आली तेव्हा चार दिवस झाकून बसले. त्या चार दिवसांची मला अजून लाज वाटते.

पाचव्या दिवशी वरोरला गेले आणि ती कॉमेंट काकांना वाचून दाखवली. या वेळी काकी समोरच होत्या, त्यामुळे त्यांनाही सगळं कळलं. तीस वर्षांनी. त्या इतकंच म्हणाल्या, "मंजे हे होय."

काकांनी विचारलं, "रोज घालते?"

"लग्नापासून, असं लिहिलंय."

"हे लिवलेलं सगळ्यांना दिसेल?"

"मी दाखवलं तर दिसेल."

"गावात पण?"

"गावातही."

काका फळीकडे बघत राहिले. त्यांना डाव्या बाजूचं दिसत नव्हतं, म्हणून मान बरीच फिरवावी लागत होती.

"दाखव," ते म्हणाले. "आन बोलाव त्यांना."

"बोलावच," काकी म्हणाल्या. "कोणाच्या कानांपायी माजा जनम गेला ते मला पण बगू दे."

आमच्या धंद्यात एकदा चढवलेल्या व्हिडिओतलं चित्र बदलता येत नाही. पूर्ण काढून पुन्हा चढवावा लागतो, आणि मग खालच्या सगळ्या कॉमेंट जातात, 'जेवलात का'सकट. म्हणून मी प्राजक्ताची कॉमेंट सगळ्यांत वर लावली आणि खाली लिहिलं, "प्राजक्ताचं बरोबर आहे. मोर मी उलटवला होता." दोनशे जणांनी मला सुनावलं. 'म्हणजे' मोजणारे गृहस्थ म्हणाले की त्यांना आधीपासून शंका होती.

प्राजक्ता आणि तिची आई शैलाताई नाशिकहून एसटीने बोईसरला आल्या. शैलाताई म्हणजे पन्नाशीच्या, ठसठशीत कुंकू लावलेल्या बाई. मी त्यांना वरोरला घेऊन गेले. काकांनी पांढरा सदरा घातला होता आणि भिंग पुसून हातात धरलं होतं. शैलाताई कर्णफुलं काढायला लागल्या तेव्हा ते म्हणाले, "काडू नका. कानात बगायचेत."

आधी उजव्या बाजूने बघितलं. मोर पुढे बघत होता. मग काका उठले, खुर्चीला वळसा घालून डाव्या बाजूला आले, वाकले. मोर मागे बघत होता. ते बराच वेळ वाकून राहिले. काकी हाताची घडी घालून दारात उभ्या होत्या.

"चुकलं माजं," काका म्हणाले.

"काय चुकलं?" शैलाताईंना खरंच कळलं नाही.

"मोर. मागं बगतो. हसले असतील तुमाला."

"हसले की. सासूबाई पहिल्याच दिवशी हसल्या. सोनार बदलून द्यायला तयार होता, वडील तर लाजेने मेल्यासारखे झाले होते. मीच दिली नाही." त्यांनी डाव्या कानाला हात लावला. "सासरी निघताना आत्याने बजावलं होतं, वळून बघू नकोस, रडू फुटेल. मी नाही बघितलं. गाडीत बसल्यावर आरशात दिसलं, हा मोर मागे बघतोय. म्हटलं, बरं झालं, कोणीतरी बघतंय. तेव्हापासून माहेराहून निघाले की माझी मान सरळ असते. हा बघतो."

काकांना पुढचं वाक्य पाठ होतं. ते त्यांनी म्हटलंच, "मी दुसरा करून देतो. बरोबर जोडी."

"नको हो!" शैलाताईंनी कान झाकला. काकी हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. माझा कॅमेरा पिशवीत होता. काढावासा वाटला नाही.

मग प्राजक्ताने आपलं काम सांगितलं. तिचं लग्न ठरलं होतं आणि तिला अशीच जोडी हवी होती. "आई मला किडनी देईल, ही देणार नाही. मशीनवाल्याकडे फोटो घेऊन गेले, तर तो म्हणाला, ताई, यात चूक आहे, आम्ही दुरुस्त करून देऊ. तीन ठिकाणी हेच."

"मला आता दिसत नाय," काका म्हणाले.

"हात चुकत नाही म्हणतात ना तुमचा?"

काका तिच्याकडे बघत राहिले. या वेळी कानांकडे नाही.

त्यांनी काम घेतलं. सकाळचा उजेड असेपर्यंत, दिवसाला तासभर, भिंग आणि एक डोळा. पहिला डाय महिन्याने झाला. दुसऱ्याला दीड महिना लागला, आणि मग त्यांचा मला फोन आला.

"बाय, दुसरा डाय चुकला."

"मोडला?"

"नाय. बरोबर आला."

"म्हणजे?"

"तीस वर्षं मनात तोच कोरत होतो ना. हातानं तोच केला. आता पुन्ना करायला पायजे."

त्या चुकलेल्या बरोबर मोराच्या जागी त्यांनी मागे बघणारा मोर पुन्हा कोरला. या खेपेला त्यांनी जुन्यासारखाच पहिला ठसा समोर ठेवला आणि हाताला जे करायचं ते करू दिलं, असं ते म्हणाले. डाय लग्नाच्या पंधरा दिवस आधी नाशिकला गेले. त्यानंतर काकांनी हत्यारं शेजारच्या कारागिरांना देऊन टाकली. फळीवर मोराची आणखी एक जोडी ठोकलेली आहे, अगदी बिनचूक, समोरासमोर बघणारी. तिला गिऱ्हाईक नाही.

लग्नाला काकांना जायला जमलं नाही, डोळ्याचं निमित्त होतं. प्राजक्ताने मला एक फोटो पाठवला. तो घेऊन मी वरोरला गेले. नवरी गाडीकडे निघाली आहे, डाव्या बाजूने घेतलेला फोटो आहे, मान सरळ आहे. मागे शैलाताई उभ्या आहेत. काकांनी फोन डोळ्याजवळ नेला, लांब नेला, भिंग लावलं, आणि शेवटी काकींच्या हातात दिला.

"मला नाय दिसत. तूच बग कान."

काकींनी आयुष्यात पहिल्यांदा नवरीचे कान बघितले.

"बगतो का?" काकांनी विचारलं.

"बगतो," काकी म्हणाल्या. "आयकडं बगतो."